भुंग्याचं नवं मशीन

४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही ठीक असशील.

चार ओळींपेक्षा मोठं पत्र तुझ्याकडून पहिल्यांदाच आलं, तेही प्रोसेसर आणि मदरबोर्ड ह्या विषयावर. तुरुंगातून येणारी-जाणारी पत्रं तिथले साहेब वाचतात म्हणे. त्यांना घरी कॉम्प्युटर घ्यायचा झाला तर आता कोणाला विचारायला नको.

आईने ते पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तू पुढच्या महिन्यात सुटशील त्याआधी मशीन तयार हवं, एवढं तिने घट्ट धरलंय. तिचं म्हणणं तुला माहीत आहे. "जुनं मशीन मधेच अडकायचं, म्हणून त्याचं डोकं फिरायचं. चांगलं दिलं की बसेल गप्प. ना बाहेर जाणं, ना कोणाशी वाद." तू आता तिशीचा झालास, हे मी बोलून दाखवलं नाही.

काल दुपारी चष्म्याच्या दुकानातून तासाभराची सुट्टी मागून बाजारात गेले. तू सांगितलेल्या प्रोसेसरचं नाव कागदावर होतंच. कॉम्प्युटरवाल्याने ते वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कंदिलाची काच मागितली.

"ताई, ह्याचं सॉकेटच गेलं बाजारातून. कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"भावाने."

"कुठे असतो भाऊ?"

"बाहेरगावी," म्हटलं.

तर भुंग्या, तू आत गेल्यापासून बाहेर सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागाच, बदलली. नवा प्रोसेसर आपल्या जुन्या बोर्डावर बसत नाही, आणि जुनी रॅम नव्या बोर्डाला चालत नाही. आता दोन वाटा आहेत. एक, जुना बोर्ड तसाच ठेवायचा आणि त्यावर बसेल असा कोणाचा तरी वापरलेला, थोडा बरा प्रोसेसर टाकायचा. स्वस्तात काम होईल, पण पुढे रस्ता बंद. दुसरी, प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही नवं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "बजेट कमी असेल तर प्रोसेसर साधा घ्या, सहा कोअरचा पुरतो. पण बोर्डात हात आखडू नका. प्रोसेसर उद्या बदलता येतो, बोर्ड बदलायचा म्हणजे सगळं उलगडायचं."

आईला सांगितलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "सगळं नवं घे. त्या जुन्यातलं काही नको मला."

तुझं काय मत, ते कळव. बाकी घरचं आहे तसंच आहे. आई म्हणते लिही, बाबा तुझी आठवण काढतात. लिहिलं.

आई-बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

चि. भुंग्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं, आणि सामानही घरी आलं. तू म्हणालास तोच बोर्ड घेतला, ज्यावर वीज सांभाळणाऱ्या भागांवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. स्वस्त बोर्ड उन्हाळ्यात तापून प्रोसेसरला मागे खेचतो, हे तुझं म्हणणं कॉम्प्युटरवाल्यालाही पटलं. "भाऊ जाणकार दिसतो," म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तुझ्याबद्दल कोणी काही चांगलं म्हटल्याला फार दिवस झालेत.

प्रोसेसर एवढासा आहे. मी रोज चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते, त्यामुळे हात स्थिर आहे, बसवेन मीच. तू लिहिलंयस ते सगळं वाचलं. कडेला धरायचा, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा, वरून दाब द्यायचा नाही, तो आपल्या वजनाने जागेवर बसला पाहिजे. "तान्ह्या बाळासारखा धर, सॉकेटमधली एक पिन वाकली तर सगळं फुकट जाईल," असं लिहिलंस.

ते वाक्य मी परत वाचलं. हळू हात कसा ठेवायचा हे तुला इतकं नीट ठाऊक आहे, हे मला नव्याने कळलं.

तुझ्या पत्राला पाठपोट लिहिलेली दोन पानं होती. बोर्डाबद्दल होतं, पंख्याबद्दल होतं, कॅबिनेट खिडकीपासून लांब ठेव म्हणून होतं. बाबांबद्दल एक ओळ नव्हती. मला वाटलं, पान चिकटलं असेल, म्हणून उजेडात धरून पाहिलं. आईला मी वाचून दाखवताना मधेच घुसडलं, "बाबा कसे आहेत?" ती खूश झाली. आता हे तिथले साहेब वाचतील. वाचू देत.

आणि सगळ्यात शेवटी, "यूपीएस नक्की घे, म्हणजे लाइट गेली तरी खेळ तुटणार नाही."

लाइट गेली तरी. मी पत्र उलटं करून ठेवलं आणि कामावर निघून गेले. यूपीएस घेतलेला नाही. घेणारही नाही.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. तुझं टेबल पुढच्या खोलीत होतं तिथेच आहे, पण आता त्याच खोलीत बाबांची खाट आहे. आतल्या खोलीच्या दारातून ती जात नाही. म्हणजे तू खेळायला बसलास की बाबा तुझ्या पाठीशी, हातभर अंतरावर. आई म्हणते, छान होईल, बापलेक एकत्र राहतील. रविवारी मशीन जोडते.

आई-बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
ताई


२ मार्च

भुंग्या,

सुरुवातीचं सगळं लिहीत नाही, तू समजून घे.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मशीन जोडायला घेतलं. आधी मेन बंद केलं. बाबांनी आपल्या दोघांना शिकवलेली एकुलती एक गोष्ट ती. जन्मभर वायरमनचं काम केलं, पण साधा बल्बचा होल्डर बदलायचा तरी मेन बंद केल्याशिवाय तारेला हात लावला नाही. शेजारपाजारचे हसायचे त्यांना.

त्या दिवशी स्वयंपाकघरात होल्डरच बदलत होते. तुझं मशीन सकाळपासून अडकत होतं, तू धुमसत होतास, हे सगळं खरं. बाबांनी हाक मारून सांगितलं, मेन बंद करतोय रे. तुझ्या कानावर ते हेडफोन. तुझा खेळ गेला, तू उठलास, आत आलास आणि स्टुलावर उभ्या असलेल्या बाबांना दोन्ही हातांनी ढकललंस. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. मी दारात होते. कोर्टात आई म्हणाली स्टूल घसरलं, मी म्हणाले ढकललं. तेव्हापासून तू मला त्याबद्दल काही विचारलं नाहीस आणि मीही काही बोलले नाही. प्रोसेसरबद्दल लिहिणं दोघांनाही सोपं गेलं.

सगळं व्यवस्थित बसलं. तू सांगितलंस तसं, दाब न देता. मेन चालू केलं, मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं. पंख्याचा आवाजही येत नाही, इतकं छान. आईने हात जोडले. म्हणाली, "त्याचाच तो खेळ लावून बघ. अडकतोय का ते कळेल."

मी लावला. सुरुवातीचं ते संगीत वाजलं, मागून गोळीबार. आई पडद्याकडे बघत होती, तिचा चेहरा उजळला होता. एकदाही अडकलं नाही, भुंग्या. लोण्यातून सुरी जावी तसं चाललं होतं.

मग मला खाटेचा आवाज आला.

बाबांची उजवी बाजू गेलेली आहे. डावा हात उरलाय, पण चमचा तोंडापर्यंत नेतानाही थरथरतो, वाटेत सगळं सांडतं. तो डावा हात एका झटक्यात वर गेला होता. डोक्यावर आडवा धरला होता, कोपर बाहेर काढून, कोणी मारायला आल्यावर धरतात तसा. डोळे तुझ्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती, मी टेबलाशी उभी होते. खालची चादर भिजत चालली होती. तोंडातून आवाज नाही, कारण त्यांना आवाज काढताच येत नाही. आई तुला कळवायला लावते ना, बाबा दोन शब्द बोलतात, बाबा आठवण काढतात, ते मी तिच्या समाधानासाठी लिहीत आले. ते बोलत नाहीत. इतक्या दिवसांत तुझ्याबद्दल त्यांनी काही सांगितलं असेल, तर ते त्या हाताने परवा सांगितलं.

आई धावली. मला वाटलं, बाबांकडे. ती दारापाशी गेली आणि तिने मेन बंद केलं.

सगळं थांबलं. वरचा पंखाही फिरायचा थांबला. आई मेनखालीच बसून राहिली, एक हात त्या बटणावर तसाच. बाबांचा हात बऱ्याच वेळाने खाली आला, तोही मी धरून आणला. मी चादर बदलली, त्यांचं अंग पुसलं. आई तिथूनच म्हणाली, "हे इथे नको." एवढंच. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही. ती आई आहे, तिच्या तोंडून पुढचं निघणार नाही. म्हणून मी लिहिते.

तू ह्या घरी येऊ नकोस.

मला तुझा राग येतो, तसं तुझं वाईटही वाटतं. लहानपणी माझ्या कडेवर बसून दिवसभर गुणगुणायचास, भुंग्या हे नाव मीच ठेवलेलं. तरीही येऊ नकोस. आईला वाटत होतं, मशीन बदललं की तू बदलशील. तुझं पत्र वाचलं तर तुलाही तसंच वाटतंय. त्या यूपीएसच्या ओळीत मला ते दिसलं. तुला अजूनही वाटतं की त्या दिवशी चूक लाइट जाण्याची होती.

मामाशी बोलले आहे. त्याच्या वेल्डिंगच्या शेडवर माळ्यावर एक खोली रिकामी आहे. तो तुला न्यायला फाटकापाशी येईल, आई आणि मी येणार नाही. कामही देतो म्हणाला, तुझ्या मनात असेल तर कर. मशीन कालच टेम्पोतून तिकडे पाठवलं, प्रोसेसर, बोर्ड, पडदा, तुझी खुर्ची, सगळं. वाटेत पिना वाकू नयेत म्हणून जुन्या चादरीत गुंडाळलं. बोर्ड चांगला आहे, बरीच वर्षं जाईल.

पुढच्या खोलीतला तो कोपरा आता मोकळा आहे. बाबांची खाट तिकडे सरकवली, खिडकीजवळ.

पत्र लिहीत जा. उत्तर देईन.

आईचे आशीर्वाद आहेत. बाबांचे आजवर मीच लिहीत होते. आता लिहिणार नाही.

ताई