बनुबाईचा तक्ता

कवठे महांकाळ,
ता. ९ डिसेंबर १९४६

ती. सयाजीमामांस अंजनाचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत (सर्व म्हणजे घरातले, बाकीचे पुढे लिहिते).

तुम्ही वेधशाळेतून पाठवलेले भूकंपाचे तक्ते घेऊन मी चार दिवस गाव फिरले. कोणती वस्तू कुणीकडे पडली, धक्के किती बसले, हे ठिकठिकाणचे जुळवले की आपल्या मुलखाखालचा खडक कुठून दाबला जातो आहे ते कळेल, असे तुम्ही लिहिले होते. मी घरोघर तसेच सांगितले. शालूबाई म्हणाल्या, "खडकाचं ऱ्हाऊ दे पोरी, मला सासू कुनीकडनं दाबती ते लिव्ह." (लिहिले नाही.) उतरंडींचा फार घोळ झाला. बायांनी त्या लगेच पुन्हा रचल्या होत्या, आणि मी दिशा विचारताच माझ्या समाधानासाठी दोघींनी पाडून दाखवल्या. इलाही तांबोळ्यांच्या थांबलेल्या घड्याळावरून वेळ उतरून घेतली. निघताना कळले, ते दोन वर्षांपूर्वीच थांबले आहे. असे तक्ते वगळून सव्वीस उरले. त्या सव्वीस घरांत सामान पूर्वेला नाहीतर पश्चिमेला पडले, आणि धक्का एकच, सकाळी सव्वाआठचा.

आता आमच्या घरचे. गाडी आत यावी म्हणून आबांनी गोठ्याच्या भिंतीचे खालचे दगड काढवले होते. आमचा गडी केरबा म्हणाला होता, "आवं आबा, भिताड पोटातनं फुगलंय. टेकू दिऊया." आबा म्हणाले, "फुगू दे रं, बाळंत हुईल तवा बघू." सगळे हसले. मीही हसले. भूकंपाच्या दिवशी साडेनऊला ती भिंत केरबाच्या अंगावर पडली, दक्षिणेकडे. तो जागीच गेला. दुसरा धक्का बसला, त्यात पडली, असे आबांनी पोलीसपाटलांना सांगितले आणि तसेच कागदावर आले.

एकही घर सोडू नये अशी तुमची सूचना, म्हणून त्याच्या बायकोकडे, बनुबाईकडेही गेले. धक्क्याच्या वेळी कोण कुठे होते, या प्रश्नाला ती म्हणाली, "धनी हितंच की. दोनी हातांनी उतरंड धरून हुबं. मी म्हनलं, सोडा आता, थांबलं हालायचं, तर हसाय लागलं. मग न्याहारी करून तुमच्याकडं गेलं." दुसऱ्या धक्क्याचे विचारले. "मला काय कळला न्हाई, पर आबा म्हनत्यात म्हंजी असंल." अंगठा उठवला आणि मला चहा घे म्हणाली.

पहिल्या धक्क्याने भिंत आधीच खिळखिळी झाली असेल. ही शक्यता मी बनुबाईच्या तक्त्याच्या शेऱ्यात लिहिली आहे. काढलेल्या दगडांसाठी तक्त्यात रकाना नव्हता. ते पाठीमागे लिहिले.

तुमची भाची,
अंजना

ता.क. आमच्या घरच्या तक्त्यात 'धक्के दोन' लिही असे आबांनी बजावले आहे. तो कोराच पाठवते. बनुबाईचा मूळ तक्ताच सोबत आहे. या घरात तो टिकणार नाही.

ता.क. दुसरे. तुमच्या यंत्राच्या कागदावर त्या दिवशी साडेनऊला काही उमटले आहे का, एवढेच पाहा. (उमटलेले असावे म्हणून मी देवाला नारळ बोलले आहे. शास्त्रात हे बसत नाही, ठाऊक आहे.) काही नसेल तर तसे उत्तर बनुबाईच्या नावे धाडा. तिला वाचता येत नाही. ती पत्र घेऊन माझ्याकडेच येईल आणि मला ते मोठ्याने वाचावे लागेल. एरवी वडिलांविरुद्ध माझ्याने सांगवणार नाही.