पिंपातलं बिऱ्हाड

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा आता तुझ्याकडे घरातल्या घरात फिरतात हे वाचून जीव भांड्यात पडला. वहिनीला सांग, अळणी जेवणावरून ते कुरकुरले तरी मनावर घेऊ नकोस. आईशीही ते असेच भांडायचे.

इकडे माझ्या हातून एक घोटाळा झालाय. आपण मळ्यात उंदरांना विष घालणं बंद केलं आणि घुबडांसाठी खांबांवर लाकडी खोकी बसवली, पण एकाही घुबडाने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. यंदा एक जोडी आली खरी, पण खोकी सोडून त्यांनी बिऱ्हाड थाटलंय बाबांच्या वाईन मुरवायच्या ओक लाकडाच्या पिंपात. आतून तासायचं म्हणून सुताराने त्याचं एका बाजूचं झाकण काढून ते शेडमध्ये आडवं ठेवलं होतं. फवारणीच्या गडबडीत मी तिकडे फिरकलेच नाही. आता आत चार पिल्लं आहेत. मला बघितलं की फिस्कारतात, जणू मीच आगंतुक.

द्राक्षं महिन्याभरात तोडणीला येतील. पिल्लं उडायला त्याहून जास्त वेळ लागेल, आणि पिंप हलवलं तर आईबाप त्यांना टाकून जातील, असं पक्षी पाहायला येणाऱ्या बाई म्हणतात. आईने लावलेल्या वेलींची वाईन बाबा त्याच पिंपात भरतात, दुसऱ्या कशातही नाही. दवाखान्यात जाताना माझा हात धरून ते म्हणाले होते की, यंदाची वाईन मी स्वतः करणार, ही माझी शेवटची. त्या आशेवरच माणूस उठून बसलाय. त्यांना कसं सांगू? मला फार भीती वाटते, दादा.

लोभ आहेच, सल्लाही पाठव.
तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र माझ्या नावाचं होतं, पण पाकीट बाबांनी फोडलं. या घरात टपालावर पहिला हक्क त्यांचाच. वाचून दिवसभर जेवले नाहीत. तुझी वहिनी घाबरली आणि मी उगाचच तुझ्यावर चिडलो.

संध्याकाळी मला समोर बसवून म्हणाले, लिहून घे. पिंपाला हात लावायचा नाही. शेडमध्ये दुपारचं ऊन शिरतं त्या बाजूला ओलं पोतं टांगायचं. ट्रॅक्टर लांबून न्यायचा. आणि आईच्या वेलींची द्राक्षं बाकीच्यांबरोबर मोठ्या टाकीत जाऊ देत. हे शेवटचं लिहून घेताना मी कागदावरून मान वर केली नाही.

मग म्हणाले, की घुबडाचं पिल्लू आपण जन्मात पाहिलेलं नाही, तेव्हा डॉक्टर मळ्यावर कधी जाऊ देतात ते विचार. विचारलं. तोडणीच्या आधी त्यांना घेऊन येतो.

काळजी कर, पण बेताने.
तुझा,
दादा


६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू बाबांना इथे सोडून गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची शेडच्या दारापाशी आहे. आईची द्राक्षं टाकीत पडत होती तेव्हा मात्र ते उठून आले आणि टाकीला हात लावून उभे राहिले. माझे डोळे भरून आले, तर मलाच कामाला पिटाळलं.

पिल्लं उडाली. सगळ्यात धाकटं दोन दिवस पिंपाच्या काठावर बसून होतं. बाबा म्हणाले, हे थेट आपल्या धाकटीवर गेलंय.

काल सुतार पिंपाचं झाकण बसवायला आला. बाबांनी त्याला परत पाठवलं. ते पिंप आता घुबडांचं, पुढच्या वर्षी ती परत येतील, असं सांगून त्याच मापाचं नवं पिंप करायला दिलं. सुतार बिचारा सरळ माणूस. त्याने बजावलं की नव्या लाकडाचा उग्रपणा जाऊन जुनी चव यायला चार वर्षं तरी लागतील. बाबा त्याच्यावर खेकसले की ते मला ठाऊक आहे, दर वर्षी चाखून बघायला मी आहे ना, तू लाकूड चांगलं आण.

चार वर्षं, दादा! मी आत जाऊन दार लावलं आणि पोटभर रडून घेतलं.

वहिनीला नमस्कार. आम्हा दोघांवर माया असू दे.
तुझी,
धाकटी