पाहुण्याचं नाव

सुरुची मॅडम,

सरकारी रस्ता व्हायच्या आधी दुर्मिळ जनावरांची पाहणी करायला तुम्ही आमच्या हसनाबादच्या माळावर आल्त्या. तुम्ही त्याचं नाव घेऊन विचारलं, "दिसतो का?" माझ्या सासूनं कानावर हात ठेवले. म्हणली, "न्हाई बाई, बिलकुल न्हाई." तुम्ही तेच लिहून नेलं.

मॅडम, आमच्याकडं त्याचं नाव घेत न्हाईत. घेतलं की तो दारात येतो. "पाहुणा येतो का?" असं विचारलं असतं, तर सासूनं तुम्हाला टेकडीवर नेऊन त्याच्या पिल्लांचं बीळ दाखवलं असतं.

आता रस्त्यासाठी त्याच टेकडीला सुरुंग लावून राह्यलेत. बीळ बुजलं. मादी दगड उकरताना आमच्या मालकानं पाह्यली. तवापासून पाहुणा माळावर दिसत न्हाई. त्याची पावलं आमच्या गोठ्यापाशी उमटतात.

सासू म्हणती, लिहू नको. पण नावाबिगर तुमचं हापिस कसं ऐकणार? दिवस मावळायच्या आत लिहून टाकते. लांडगा.

जल्दी या.

तुमची,
उषाबाई

ता. क. गोठ्यातल्या शेळ्या एकदम गप झाल्या. नातू बाहेर लिंबाखाली झोळीत निजलाय.