कलम चौदा आणि फोनवरच्या गोळ्या

१० फेब्रुवारी, सोमवार
आमच्या वैद्यकीय परिषदेत डॉक्टरांच्या परवान्याचे नियम बदलायचं ठरलं! जालीम गोळ्या कोणी, कशा लिहून द्यायच्या, तेही. मसुदा कोण करणार? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून चहा ढवळत राहिले. आतून उड्या मारत होते.

आता बघते त्याला.

११ फेब्रुवारी
पावणेदोन वर्षं त्या डॉक्टरनं धाकट्याला पाठदुखीच्या असल्याच जालीम गोळ्या दिल्या. तपासलं फक्त दोनदा. बाकी सगळं फोनवर. आधी दिवसाला एक, मग चार, मग धाकटा मोजेनासाच झाला. माझा भाऊ एकोणचाळिसाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मी तक्रार केली ती माझ्याच ऑफिसात निकाली निघाली — जुन्या नियमांत फोनचा उल्लेखच नाही म्हणे. शिक्का मारणारी बाई शेजारच्या टेबलावर बसते. तिच्याशी मी अजून बोलत नाही.

२४ फेब्रुवारी
कलम चौदा झालं. परवान्याचं नूतनीकरण हवं असेल, तर प्रत्येक डॉक्टरनं मागच्या पाच वर्षांच्या नोंदी आणून द्यायच्या. रुग्णाला तपासलं कधी, फोनवर गोळ्या मागितल्या कोणी, काय बोलून मागितल्या — सगळं. न तपासता दिल्या असतील तर परवाना रोखायचा.

साहेब म्हणाले, "बाई, मागच्या तारखेनं शिक्षा नाही करता येत."

मी म्हटलं, "शिक्षा कुठे साहेब, माहितीच मागतोय."

कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

३ मार्च
त्याचं नूतनीकरण जूनमध्ये आहे. रजिस्टर काढून बघितलं.

१९ मार्च
धाकट्याच्या बायकोला कलम वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. "ताई, त्यानं काय होणार आता?" म्हणाली. हिला नाही कळायचं. तो माणूस अजून रोज दवाखाना उघडतो, लोक त्याला नमस्कार करतात — मला सहन होत नाही. मला तो उंबरे झिजवताना बघायचाय. माझ्या टेबलासमोर, उभा.

२८ एप्रिल
मंजूर! एक शब्द बदलला नाही. डॉक्टरांच्या संघटनेनं आरडाओरडा केला. करू देत.

४ जून
तो आला. केस पांढरे झालेत. मला ओळखलं असावं. मी बसायला सांगितलं नाही. नोंदवही टेबलावर ठेवून म्हणाला, "सगळं खरं लिहिलंय." आणि गेला. पाचावर धारण बसलेली असेल असं वाटलं होतं, तशी दिसली नाही. राग आला.

५ जून
तपासल्याच्या दोन सोडून धाकट्याच्या नावावर सव्वीस नोंदी. पंचविसांत 'रुग्णाचा फोन, न तपासता दिल्या.' मेला! आपल्याच हातानं लिहून दिलंय.

सव्विसावी मोठी आहे. उद्या वाचते.

६ जून
'१४ ऑक्टोबर. माझी चूक झाली, आता तपासल्याशिवाय गोळ्या नाहीत, असं रुग्णाला सांगितलं. दुपारी त्याच्या बहिणीचा फोन. परिषदेच्या ऑफिसातून बोलतेय, म्हणाल्या. तो तळमळतोय, एवढ्या वेळेपुरत्या द्या. ऑफिसचं नाव ऐकून घाबरलो. दिल्या.'

फोनवर माझ्या तोंडून आधी ऑफिसच निघतं. आईशी बोलतानाही. एवढ्या वर्षांची सवय.

धाकटा सोळा तारखेला गेला.