कळकलेली कढी

चि. गोपाळकृष्ण यास,

आशीर्वाद आज राखून ठेवला आहे. पितळी पातेल्याची कल्हई गेली असून त्यात आंबट कढी कळकते, विषारी होते, हे मी वारंवार सांगितले. “तात्या, ही बायकांची समजूत!” म्हणून तू हसलास. परवा तीच कढी पिऊन शरयू ओकून ओकून निपचित पडली, तेव्हा तू पत्नीच्याच हाताला दोष दिलास. धन्वंतरीच्या कृपेने ती आता सावरली आहे. तिला घेऊन मी वाईस, तिच्या माहेरी जात आहे.

कल्हईची भांडी कोठीत बंद असून किल्ली माझ्या कनवटीस आहे. ते पातेले मात्र घासून चुलीपाशी ठेवले आहे. संध्याकाळी तुझे कचेरीतले स्नेही जेवावयास येतील. त्यातच कढी करून त्यांस निःशंकपणे वाढ. हात कचरला, तर शरयूची क्षमा मागावयास ये.

तात्या