चंद्रिकेचं खरं नाव

१३ जानेवारी
चंद्रिकेचा निरोप आलाच नाही! गिऱ्हाइकाच्या गाडीवर बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो आमच्या पोरांच्या ग्रुपवर टाकायचा, परतल्यावर ‘पोचलो’ लिहायचं — नियम माझा. सगळे हसले होते, “मल्हार, तू काय आरटीओ हायस का?” आता हसा! काल गड्ड्याच्या जत्रेपाशी चंद्रिका माझ्यासमोर गाडीवर बसला. फोटो आहे, ‘पोचलो’ नाही.

१४ जानेवारी
कळलं की बार्शी रोडला एक माणूस मार खाऊन पडला होता. दवाखान्यात धावलो. खिडकीवरची बाई विचारते, “पेशंटचं नाव?” — आणि मला ते ठाऊकच नाही! एका ताटात जेवलो, एकत्र धंदा केला, पण धंद्यातल्या नावापलीकडं कुणी कुणाला विचारलंच नाही. मग काय, वॉर्डावॉर्डात हाका मारत फिरलो. “चंद्रिके! ए चंद्रिके!” लोक बाई शोधायला लागले. कोपऱ्यातला डोकं बांधलेला दाढीवाला म्हणाला, “वरडू नको की. हितं हाय मी.”

नाव चन्नप्पा. अक्कलकोटकडचा.

१५ जानेवारी
तक्रार नको म्हणतो. “आपलं कोण ऐकतंय? आपल्यालाच आत घालतील.” अरे, त्या हरामखोरानं लुबाडलं, वर डोक्यात दगड घातला! उद्या दुसऱ्या कुणाला घालेल.

पण त्याला त्या गाडीवर बसताना बघणारा मी एकटाच. साक्ष द्यायची म्हणजे नाव, पत्ता, धंदा सांगायचा. आईला वाटतं मी चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू!

१७ जानेवारी
गेलो! चन्नप्पाही तयार झाला. सोबत आमच्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या वकील ऋतुजाताई. हवालदार म्हणाला, “असले धंदे करता, मग मार खाणारच की.”

मी म्हटलं, “साहेब, धंदा माझा हाय. मार खायाचा ठेका न्हाय घेतला.”

तक्रार लिहून घेतली. माझा धंदा विचारला तेव्हा मोठ्यानं सांगितला. अख्खं ठाणं वळून बघत होतं. बघा म्हटलं! ताई बाहेर येऊन म्हणाल्या, “मी आलेच कशाला?” आज मला माझाच लई अभिमान वाटतोय.

१९ जानेवारी
नंबरप्लेटवरून तो गाडीवाला सापडला! पण मी घरी नसताना पोलीस माझा पत्ता बघायला येऊन गेला. आईनं जेवायला वाढलं. मग पाठ करून भांडी घासत बसली.

२० जानेवारी
आई बोलली. “कारखान्यात अत्तर लावून कोण जातंय रं? मला कवाचं ठावं हाय. कोर्टाची तारीख सांग. मी बी येते, तुझ्या शेजारी हुबी राहते.”