पश्चिमेची भिंत

प्रिय बाबा,

जयभीम. एकाच घरात राहून तुम्हाला पत्र लिहायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण तुम्ही कानातलं मशीन ओसरीवरच्या कोनाड्यात काढून ठेवलंत, आतल्या खोलीला कडी घातलीत, आणि आज तिसरा दिवस आहे. दार ठोकून माझे हात सुजले. ओरडून घसा बसला, सगळ्या वस्तीने ऐकलं, फक्त तुम्ही नाही. म्हणून हा कागद डब्याबरोबर खिडकीच्या गजांतून आत सरकवतो आहे. भाकर आधी खा, मग वाचा. नाही, आधी वाचा.

बाबा, ती भिंत पोट काढून उभी आहे. काल दोन बोटांची असलेली फट आज चार बोटांची झाली, मी बाहेरून मोजली. वर सागवानी मयालाची तुळई, तिच्यावर कवेलूंचं सगळं ओझं, आणि खाली तुमची खाट. दार फोडावं तर हादऱ्यानेच भिंत कोसळेल. श्रावणाची झड थांबायचं नाव घेत नाही. शुभांगीने पोरीला आजोळी पाठवून दिलं, स्वतः मात्र जात नाही, अंगणात छत्री धरून बसली आहे. सपना अकोल्याहून निघाली आहे, पण तुमची लेक येईपर्यंत भिंत थांबेल का, हे मला सांगता येत नाही. मी घाबरलो आहे, बाबा. पन्नाशीला आलो तरी लहान पोरासारखा घाबरलो आहे.

तुमचा हा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक आहे. आजोबांनी घर बांधायला घेतलं तेव्हा वस्तीत सगळे कुडाचे संसार. लोक हसायचे, म्हणायचे, ‘जानराव, तुले वीट कोण देईन?’ आजोबांनी कोणाला मागितलीच नाही. नाल्याकाठची माती उकरली, त्यात भूस मळलं, किन्हीराजा गावच्या सुताराकडून साचा करून आणला आणि पऱ्हाट्या-गोवऱ्यांवर भट्टी लावली. असे दोन उन्हाळे गेले. भिंती दीड हात जाड, मातीच्या गाऱ्यात. उदयसिंग मिस्त्रीने दारावर लाकडाशिवाय नुसत्या विटांची कमान चढवली. आधाराच्या फळ्या काढायच्या वेळी आजोबा मुद्दाम कमानीखाली जाऊन उभे राहिले, पडली तर आपल्यावरच पडावी म्हणून. ही गोष्ट तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात की मी त्या दारातून छाती काढून चालायचो. आज मला त्या गोष्टीचा राग येतो. आजोबा घटकाभर उभे राहिले होते, तुम्ही तीन दिवस बसला आहात.

आणि दुसरी गोष्ट, जी तुम्ही फार कमी वेळा सांगितलीत. तुम्ही अठरा वर्षांचे होतात, भट्टीचं पश्चिमेकडचं तोंड तुमच्याकडे होतं, आणि तुम्ही भरदुपारी विस्तव सोडून शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती पाहायला गेलात. त्या बाजूच्या विटा जरा पिवळ्या निघाल्या. आजोबांनी ‘चालते’ म्हणून त्या याच भिंतीत घातल्या. साठ वर्षं भिंत उभी होती, तरी तुमच्या मनातून ते गेलं नाही. रविवारी भिंत फुगली, लोक गोळा झाले, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘विटा माह्यानंच कच्च्या राह्यल्या. बाबाचं घर म्याच पाडलं. आता पडली तं माह्यावर पडू द्या.’ मी शेजारीच उभा होतो. मान खाली घातली. लोकांना वाटलं, बापाचं ऐकून याला भरून आलं.

ज्यासाठी लिहायला बसलो ते आता लिहितो. परसाल तुम्ही सपनाकडे होतात तेव्हा मी मागे याच भिंतीला लागून न्हाणी बांधली. पाइप भिंतीतून नेऊ नका, आत मातीचा गारा आहे, असं गवंडी सांगत होता. मला अंगण उकरायचं नव्हतं, म्हणून मी भोक पाडायला लावलं. दिवाळीत भिंतीला ओल आली, पाइप फुटल्याचं मला कळलं. फरशी फोडायचा कंटाळा केला, वरून सिमेंट थापलं आणि नवा गिलावा म्हणून तुम्हालाच दाखवलं. तेव्हापासून न्हाणीचं पाणी त्या भिंतीत मुरतं आहे. तुम्हाला वाटेल, बाहेर काढायला पोरगा खोटं बोलतो. म्हणून डब्यासोबत अर्धी वीट देतो आहे. सकाळी न्हाणीमागे गळून पडली, मी फोडून पाहिली. मधोमध बघा, लाल आहे, पुरती भाजलेली. गारा वाहून गेला, वीट तशीच आहे. घर तुम्ही नाही पाडलं, मी पाडलं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर दोष अंगावर घेतलात तेव्हा, बाबा, मला बरं वाटलं. त्याची माफी मी मागत नाही, मागायचं तोंडच नाही. पण माझी शिक्षा तुम्ही आत बसून भोगू नका. मला मारायला तरी बाहेर या. दाराशीच बसलो आहे.

तुमचाच,
संघदीप